घनफळाचा मास्तर

छोट्या हत्तीत किती खोकी मावतात, हे टेम्पोला हात लावण्याआधीच मला माहीत होतं. बदलापुरात गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या माणसाला तेवढं यायलाच हवं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. अठरा वर्षं हे सूत्र फळ्यावर लिहून मी पोरांची डोकी खाल्ली. खोकं मात्र उभ्या जन्मात एकही उचललं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत शिकवण्या बंद असतात आणि फीही. उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एका पार्सलच्या गोदामात सीझनपुरती रात्रपाळीला माणसं हवीत, असं कानावर आलं. घरी मी सांगितलं, "लॉजिस्टिक्समध्ये काम मिळालंय."

"हमाली ना?" बायकोने विचारलं.

"नियोजन," मी म्हणालो.

मुकादमाने माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी तळव्यांकडे बघितलं. काय करता, म्हणाला. गणित शिकवतो म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा निवळला. "मग नग तरी नीट मोजाल." त्या घडीपासून मी गोदामाचा मास्तर झालो.

पहिल्याच रात्री माझ्या वाट्याला एक छोटा हत्ती आला. हौदा साधारण सात फूट लांब, पाच फुटांना थोडा कमी रुंद. बाकीची पोरं हाताला येईल ते खोकं बघत, क्षणभर थांबत, आत टाकत. मला त्यांची कीव आली. मी खिशातून टेप काढला. मोठी खोकी तळाशी, मधली त्यावर, फटींत लहान. एक तास घाम गाळून मी अशी थप्पी लावली की दोन खोक्यांमध्ये पोस्टकार्ड गेलं नसतं. दोन पावलं मागे सरून मी ती डोळे भरून पाहिली. शेजारच्या पोराचे तोवर दोन टेम्पो भरून निघाले होते, पण त्यात सौंदर्य नव्हतं.

ड्रायव्हर आला. त्याने विडी विझवली आणि विचारलं, "मास्तर, पहिली डिलिव्हरी गोलमैदानाला. ते खोकं कुठंय?"

ते तळाशी होतं. अगदी आत, केबिनला चिकटून. मोठं होतं ना!

"पहिलं उतरायचं ते शेवटी भरायचं," ड्रायव्हर म्हणाला. पोरं खोकं हातात घेऊन क्षणभर थांबत ती एवढ्यासाठीच. माझी थप्पी पाडायला चार जणांना दहा मिनिटं लागली. घनफळाच्या सूत्रात लांबी आहे, रुंदी आहे, उंची आहे, गोलमैदान नाही.

खोक्यांना निदान कोपरे तरी असतात. दुसऱ्या रात्री जीन्सचे गठ्ठे आले. कॅम्प ५ च्या जीन्सचा गठ्ठा हा भूमितीच्या कुठल्याच प्रकरणात बसत नाही. तो घन नाही, गोल नाही. पकडायला गेलं की तो आपल्याला पकडतो. मी त्याला मिठी मारली, त्याने मला खाली बसवलं. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचे कष्ट होते, हे मी पोरांना सामान्यज्ञान म्हणून सांगत आलोय. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. माझ्या बाबतीत माथा शाबूत राहिला, गेली ती कंबर.

सकाळी शहाड स्टेशनकडे चालताना बिर्ला मंदिरातला विठोबा आठवला. कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात काय सुख असतं, ते त्या दिवशी मला समजलं. पुढे आणखी गंमत. शहाड कसाऱ्याच्या मार्गावर, बदलापूर कर्जतच्या. म्हणजे एक स्टेशन मागे कल्याणला जायचं आणि गाडी बदलून पुन्हा उल्हासनगरवरूनच घरी यायचं. मलाच कोणीतरी रोज चुकीच्या टेम्पोत भरत होतं.

मग मुकादमाने मला उचलण्यावरून काढून निवडीवर बसवलं. पत्ता वाचायचा आणि पार्सल त्या त्या टेम्पोच्या ढिगाकडे सरकवायचं. वाचणं हा तर माझा धंदा! पण उल्हासनगरचा पत्ता तुम्ही वाचलाय का? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी त्या बॅरेकींत संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, तरी छावणीचे आकडे पत्त्यांतून हटले नाहीत. बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन नंबर, कॅम्प नंबर. एवढ्या ज्ञात राशी दिल्या की माझे विद्यार्थी खूश होतात. मला अज्ञात राशी एकच होती, टेम्पो कुठला.

म्हणून मी फक्त पिनकोड बघायचं ठरवलं. कॅम्प १ ते ५ म्हणजे ४२१००१ ते ४२१००५. अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. सहा आकड्यांत अख्खा देश मावला, त्यात एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. अशा सूत्राची माती करायला गणिताचाच मास्तर लागतो. पहाटे तीनला, झिरोच्या दिव्याखाली, शून्य आणि पाच यांच्यात फारसा फरक राहत नाही. अंबरनाथचा मिक्सर कॅम्प १ ची हवा खाऊन आला. मुकादम काही बोलला नाही. तो फक्त "मास्तर" म्हणाला, पण दहावीत तीनदा नापास झालेल्या पोराला मी ज्या सुरात हाक मारतो, त्या सुरात.

दरम्यान कंबर अशी धरली होती की मी ऑनलाइन एक कमरपट्टा मागवला. घरच्या पत्त्यावर. तो दोन दिवसांत येणार होता. चार झाले, पाच झाले. सहाव्या रात्री मुकादमाने एक चेपलेलं खोकं माझ्यासमोर ठेवलं. वर बॉलपेनने खरडलं होतं, 'पत्ता सापडत नाही'. खाली नाव माझं. पिन ४२१५०३. माझ्याच हाताने मी ते कॅम्प ३ च्या ढिगात सरकवलं होतं.

"आता इथेच घेतो," मी वाकडा होत म्हणालो.

"नाही चालत. परत स्कॅन झालंय. घरी पोचल्यावरच सही होणार."

अंबरनाथ-बदलापूरचा टेम्पो लागला होता, हौदा रिकामा. ड्रायव्हरने यादी बघितली. बदलापूर शेवटी, आणि बदलापुरातही माझी सोसायटी सर्वात शेवटी.

"मास्तर, हे सगळ्यात आत," तो म्हणाला.

कमरेवर एक हात ठेवून मी फाळक्यावरून चढलो, पट्ट्याचं खोकं थेट केबिनपर्यंत सरकवलं, आणि त्यावर जीन्सचा पहिला गठ्ठा चढवला.