दुधनीत डीलक्स संच बाळगण्याची शास्त्रोक्त पद्धत

डीलक्स रीमास्टर्ड संच घ्यायचा ठरला की पैशांच्या आधी कारण जमवावं लागतं. ‘आवडतो म्हणून’ हे कारण दुधनीत चालत नाही. इथे माल भाव चढेल म्हणून भरतात नाहीतर भाव पडेल म्हणून विकतात; तूर आवडते म्हणून कोणी गोदाम भरून ठेवल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे जे गाणं मोबाईलवर फुकट वाजतं, त्याच गाण्यासाठी पाच आकडी रक्कम का मोजायची, याचं उत्तर पार्सल येण्याआधी तयार हवं. पार्सल आल्यावर दिलेलं उत्तर घरात कबुलीजबाब म्हणून धरलं जातं.

नवशिक्याने बीटल्स किंवा पिंक फ्लॉइडच्या वाटेला जाऊ नये. त्यांचे संच मोठे, चाहते खडूस, आणि मुख्य म्हणजे घरातल्या अप्पांना त्यात नातं लावता येत नाही. सुरुवात क्वीनच्या ‘क्वीन वन’ने करावी. 13 जुलै 1973 रोजी इंग्लंडमध्ये निघालेला हा त्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर 2024 मध्ये पेटी भरून पुन्हा काढला गेला: सहा सीडी, एक एलपी, 108 पानांचं पुस्तक, एकूण 63 ट्रॅक आणि त्यांतली 43 मिक्स नवी कोरी. आणि यातला गायक आपला आहे. फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, जन्माने झांझिबारचा पारशी. पण शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पियानो तिथेच, आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँडही तिथलाच. अप्पांना एवढंच सांगावं, ‘सातारा जिल्ह्यात बोर्डिंगला होता.’ अप्पा विचारतील, ‘बोर्डिंगची फी किती होती त्या वेळी?’ म्हणजे अर्धं काम झालं. मात्र उत्साहाच्या भरात तो दुधनीवरून गेला होता असं सांगू नये. मुंबईहून पाचगणीला जाताना दुधनी लागत नाही, आणि इथल्या माणसाला बोरोटी, दुधनी, कुलाली, गाणगापूर रोड ही माळ झोपेतही म्हणता येते.

आता माल ओळखणं. रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने या धंद्यात पडू नये. ज्याला कळतो त्यानेही पडू नये, पण तो ऐकत नाही. दुधनीच्या वाचकाला हे दोन वाक्यांत समजेल. रीमास्टर म्हणजे तयार तूरडाळीला पुन्हा पॉलिश: डाळ तीच, चकाकी नवी. रीमिक्स म्हणजे डाळ बाजूला ठेवून मूळ तुरीच्या पोत्याशी परत जाणं आणि नव्याने भरडणं. तांत्रिक भाषेत, रीमास्टर करणारा दोन चॅनलच्या अंतिम टेपवर काम करतो. रीमिक्स करणारा मूळ मल्टिट्रॅक उघडतो, जिथे ड्रम वेगळे, गिटार वेगळी, गळा वेगळा. ‘क्वीन वन’ हा दुसऱ्या जातीचा माल आहे. पेटीवर ‘रीमास्टर’ एवढंच लिहिलं असेल तर पॉलिशचे पैसे भरडाईच्या दराने देत नाही ना, हे तपासावं.

या भरडाईला मात्र खरंच कारण होतं, आणि ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे. तेव्हा क्वीनला कोणी ओळखत नव्हतं. लंडनच्या डी लेन ली स्टुडिओची वेंब्लीत नवी जागा झाली, तेव्हा भिंतींतून आवाज पलीकडे जातो का हे बघायला मालकांना कोणीतरी दणदणीत वाजवणारं हवं होतं. या पोरांनी तिथे दणका केला आणि मोबदल्यात स्वतःचे डेमो फुकट रेकॉर्ड करून घेतले. पुढे ट्रायडेंट स्टुडिओने अल्बम करायला घेतला तो उरल्यासुरल्या वेळात. पैसे देणारं गिऱ्हाईक निघून गेलं की रात्री-अपरात्री यांना आत सोडायचे. तिथे ड्रम वाजवायची खोली लहान आणि सगळीकडून मऊ भरलेली, त्यामुळे आवाज कोरडा आला, उशीवर काठी मारावी तसा. गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांना तो आवाज तेव्हाच पटला नव्हता, पण नवख्यांचं ऐकतो कोण! त्यावरूनच निर्माता रॉय थॉमस बेकरशी बिनसलं आणि ‘मॅड द स्वाइन’ हे गाणं अल्बममधून गळालं. 1991 मध्ये ते बाहेर आलं आणि 2024 च्या संचात आपल्या मूळ चौथ्या जागेवर येऊन बसलं. वाजवणं सगळं 1973 चंच ठेवलंय, एक सूरही नव्याने वाजवलेला नाही; वाद्यांच्या भोवतीची हवा तेवढी बदललीय. पन्नास वर्षं मनात ठेवलेली तक्रार फेडायला माणसं म्हातारपणी स्टुडिओत बसली, याला माझ्या मते पैसे द्यायला हरकत नाही. बाकीच्या निम्म्या डीलक्स संचांना आहे.

पार्सलचं बघू. कुरिअरवाला पत्ता विचारायला मार्केट यार्डाच्या तोंडाशी थांबतो आणि तिथून मोठ्यांदा ओरडतो, ‘सावकार, जड आहे बघा, परदेशचं दिसतंय!’ त्यामुळे गुप्तता राखायची कल्पना सोडून द्यावी. खोका उघडताना हजर असतील त्यांना आधी पुस्तक दाखवावं, रेकॉर्ड नंतर. पुस्तक असलं की वस्तू अभ्यासाची ठरते. शेजारचा अडत्या पेटी हातात घेऊन वजनाचा अंदाज करील, किलोला काय दर पडला याचा तोंडी हिशेब मांडील आणि मान हलवील. त्याच्याशी वाद घालू नये. त्याचा हिशेब बरोबर असतो. अप्पांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी: 1973 च्या वेष्टनावर बासवाल्या जॉन डीकनचं नाव ‘डीकन जॉन’ असं उलटं छापलं होतं. अप्पा म्हणतील, ‘उलटं काय त्यात? सातबाऱ्यावर असंच असतं की.’

एलपी लावायला जागा निवडताना दुधनीचे दोन दोष लक्षात घ्यावेत. पहिला, रेल्वे. आपलं स्टेशन मुंबई-चेन्नई मुख्य मार्गावर आहे. मालगाडी लागली की खिडकीच्या काचा आधी सांगतात आणि सुई नंतर. म्हणून टर्नटेबल फळीवर न ठेवता भिंतीतल्या दगडी कोनाड्यात ठेवावा. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना नव्या घरवाल्यांपेक्षा चांगला बास ऐकू येतो, हा जुन्या वाड्यांचा एकमेव आर्थिक फायदा. दुसरा दोष धुरळा. जानेवारीपासून यार्डात तुरीची आवक वाढली की चाळण्यांची बारीक माती हवेत तरंगत राहते आणि प्लॅस्टिकच्या रेकॉर्डवर स्थिर विजेने चिकटून बसते. रेकॉर्डच्या खोबणीत माती आणि खोबणीवर हिऱ्याची सुई. ही गाठ पडली की रॉजर टेलर न वाजवताही टकटक ऐकू येते. कार्बन फायबरचा ब्रश वापरावा. उपरण्याने पुसू नये. फुंकर तर मुळीच मारू नये. विशेषतः जेवणानंतर, शेंगाचटणी भाकरीबरोबर खाल्ली असेल तर.

आता मुख्य विधी, म्हणजे फरक ऐकणं. पाहुण्याला जुनं आणि नवं अशी दोन्ही रूपं ऐकवायची असतात. लबाडीचा मार्ग सोपा आहे: नव्याचा आवाज किंचित मोठा ठेवावा. माणसाच्या कानाला थोडं मोठं वाजलेलं चांगलंच वाटतं, हे शास्त्र आहे. कंपन्यांनीही नव्वदीपासून ते मन लावून वापरलं. आवाज दाबून, बारीक आणि मोठा यांतलं अंतर मोडून सगळं एका उंचीला आणलं, आणि त्यालाच रीमास्टर म्हटलं. जुनी सीडी शांत वाटते आणि नवी अंगावर येते, त्याचं कारण बहुधा हेच. प्रामाणिक मार्ग अवघड आहे. दोन्हींची उंची कानाने जुळवावी, पाहुण्याला पाठ करून बसवावं आणि कोणतं कोणतं ते सांगू नये. निकाल काहीही लागो, तोंड पाडू नये. पाहुण्याने जुनंच नवं म्हणून निवडलं तर ‘तुमचा कान मूळ आवाजावर तयार झालाय’ असं म्हणून चहा मागवावा. पिढ्यानपिढ्या कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं ऐकलेल्या माणसाला ढिल्या टेपचा हेलकावा हाच गाण्याचा ताल वाटतो. तो या संचात नाही, आणि त्याबद्दल कंपनीकडे तक्रारही करता येत नाही.

उरलेल्या सीडी कधी ऐकाव्यात? एकीवर डेमो आहेत, एकीवर स्टुडिओतली चुका-बडबडीसकट सत्रं, एक बीबीसीची, एक मैफलींची. त्या शेवटच्या सीडीत 1970 च्या ऑगस्टमधल्या त्यांच्या लंडनमधल्या पहिल्या कार्यक्रमाचे तुकडे आहेत. जॉन डीकन तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता. ही सीडी पावसाळ्यात, यार्ड थंड असताना, एकट्याने ऐकण्याची. बॅकिंग ट्रॅकच्या सीडीवर मात्र मुख्य गळाच नाही. पाचगणीच्या ज्या मुलाच्या नावावर घरात ही पेटी खपवली तो या सीडीवर पुढे येऊन गातच नाही, हे अप्पांना कळता कामा नये. त्यांनी विचारलंच तर मेच्या गिटारवर बोलावं. ती त्याने वडिलांच्या मदतीने घरी केली. मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, पट्टीवरचे ठिपके आईच्या बटणांच्या डब्यातले, आणि तारा छेडायला नखीऐवजी सहा पेनीचं नाणं. ‘हा आपल्यातला माणूस,’ अप्पा म्हणतील, ‘जुनं काही टाकत नाही.’ मग माळ्यावरच्या मोडक्या पाळण्याचा विषय निघतो आणि संध्याकाळ निभावते.

शेवटी कपाट. पेटी पुस्तकांच्या फळीवर मावत नाही आणि आडवी ठेवली की तिच्यावर पंचांग, विजेची बिलं आणि आडतीच्या पट्ट्या साठायला लागतात. सुताराला बोलावून उभा खण करून घ्यावा, उंची एलपीपेक्षा चार बोटं जास्त. माप देताना एक खण सांगू नये. क्वीनचे स्टुडिओ अल्बम पंधरा आहेत.