समुद्राकाठी मीठ मागणाऱ्या यंत्रास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान मीठ-क्लोरीन यंत्रसाहेब,
मुक्काम पंपघर, सुपारीच्या वाडीमागे,
श्रीवर्धन, जि. रायगड

स. न. वि. वि.

पावसाळा सरला, दिवाळीची बुकिंगं सुरू झाली आणि आपल्या अंगावरचा लाल दिवा अखंड तेवू लागला. दिव्याखाली आपली तक्रार आहे: मीठ कमी. साहेब, आपण भिंतीला जिथे टांगलेले आहात तिथून पश्चिमेला चालू लागलं, तर पान रंगायच्या आत अरबी समुद्र लागतो. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, मालक नाही, पावती नाही. याच किनाऱ्यावर खाली शिरोड्याला १९३० साली लोकांनी मिठापायी लाठ्या खाल्ल्या. आपण मात्र पंख्याखाली बसून मीठ मागता, तेही गोणीने, तेही शुद्ध केलेलंच. आमच्याच जिल्ह्यात पेण-उरणकडे मिठागरं आहेत, पण तिथलं जाडं मीठ आपल्या प्रकृतीला मानवत नाही. त्यातली माती, चुना आणि मॅग्नेशियम आपल्या आतल्या, वीज सोडणाऱ्या पत्र्यांवर बसतं म्हणे.

पाहुणे विचारतात, "मग पूलमध्ये सरळ समुद्राचंच पाणी का नाही सोडत?" त्यांना कोण सांगणार, की आपल्याला लिटरला जेमतेम ३.२ ग्रॅम मीठ लागतं, समुद्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. माणसाच्या अश्रूंतदेखील याच्या तिप्पट मीठ असतं. म्हणजे आम्हाला रडायला जेवढं लागतं, त्याच्या तिसऱ्या हिश्शात आपलं भागतं. तरी रडता आपणच. याच पाहुण्यांना दुसरंही एक समाधान असतं: "खाऱ्या पाण्याचा पूल आहे ना, म्हणजे क्लोरीन नाही!" मी मान डोलावतो. आपला जन्मच क्लोरीन करण्यासाठी झाला, आपण पाण्यातल्या मिठात वीज सोडून तेच करता, हे सांगून कुणाची सुट्टी कशाला नासवा? पुण्याहून पाच-सहा तास गाडी हाणत यायचं आणि समुद्राकडे पाठ करून पूलमध्ये बसायचं, हा ज्याचा त्याचा आनंद आहे.

आणि पूल तरी आम्ही हौसेने कुठे बांधला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि पिढ्यांनी जोपासलेली वाडी दुपारभरात झोपवून गेलं. श्रीवर्धनी रोठ्याचं नवं झाड लावलं तर सुपारी दिसायला सहा-सात वर्षं. तोवर खायचं काय, म्हणून खोल्या काढल्या. खोल्यांना गिऱ्हाईक हवं म्हणून पूल आला, आणि पुलाच्या मागोमाग आपण. तेव्हा आपण इथे पाहुणे नाही, कामाला आहात, एवढं ध्यानात असू द्या.

आता मुद्द्यावर येतो. माझ्याकडे मीठ मोजायच्या कागदी पट्ट्या आहेत. पट्टी म्हणते ३२०० पीपीएम, म्हणजे लिटरला ३.२ ग्रॅम; आपण म्हणता २१००. आपल्याला विकणाऱ्या माणसाला फोन लावला, तर त्याने पलीकडून, पूल न पाहताच, निदान केलं: "दोन गोण्या टाका, साहेब." आमचा पूल ४०,००० लिटरचा. त्यात हजार पीपीएम चढवायला ४० किलो मीठ लागतं. आपलं ऐकून एकदा तूट भरली तर खरा आकडा ४३००, दुसऱ्यांदा भरली तर ५४००. एवढं करूनही लाल दिवा जाईलच याची खात्री नाही, आणि तोवर शिडीचं स्टील गंजायला लागतं. पलीकडच्या आळीतल्या एका पूलवाल्याने असंच आपल्या एका भावाचं ऐकलं. टाकलेलं मीठ चिमट्याने उचलता येत नाही. अर्धा पूल उपसावा लागला, आणि ते पाणी शेजारच्या वाडीत शिरलं म्हणून जे भांडण पेटलं ते अजून धुमसतंय.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण आपल्याला तेवढंही बंधन नाही, कारण आपण मीठ खातच नाही. मिठातून क्लोरीन निघतो, जंतू मारतो आणि पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. मीठ जातं ते फिल्टर उलटा धुताना, पाहुण्यांच्या ओल्या कपड्यांतून आणि पावसात. पावसाचं मी मान्य करतो. आमच्याकडे चार महिन्यांत अडीच मीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूल आहे सव्वा मीटर खोल, म्हणजे आख्खा पूल दोनदा भरेल एवढं गोडं पाणी वरून कोसळतं आणि मीठ घेऊन काठावरून वाहून जातं. जुलैत आपण "मीठ कमी" म्हणालात तेव्हा पट्टीनेही तेच सांगितलं, आणि पाऊस उघडल्यावर आम्ही मुकाट गोण्या रिकाम्या केल्या. त्यानंतर आभाळातून थेंब नाही. मग आता कसली बोंब?

खरी गोष्ट अशी, की आपल्याला मीठ कळतच नाही. आपल्या कुळातली बहुतेक यंत्रं पत्र्यांतून किती वीज वाहते तेवढं पाहतात आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतात. वीज कमी वाहिली की मीठ कमी, संपला हिशोब. पत्र्यांवर थर चढला, वायरीचं टोक गंजलं किंवा पत्र्यांचं आयुष्य सरलं, तरीही वीज कमीच वाहते. पण त्या वेळीही आपल्या तोंडी पाण्याचीच निंदा. स्वतःचा घसा बसलेल्या गवयाने तंबोरा उतरल्याची तक्रार करावी, तसं हे.

म्हणून एके दिवशी मेन स्विच बंद करून आपल्याला पाइपातून सोडवलं आणि उजेडात धरलं. टायटॅनियमच्या चकचकीत पत्र्यांमधल्या बोटाच्या पेराहून अरुंद फटी पांढऱ्या खवल्यांनी बुजलेल्या. कुठे कुठे तर दोन पत्रे एकमेकांना चिकटायच्या बेतात. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, कबूल. पण ज्या पत्र्यावर हायड्रोजन सुटतो तिथलं पाणी आपणच अल्कधर्मी करता, आणि चुना नेमका तिथे येऊन बसतो. पूलचा पीएच सारखा वर चढतो, आणि तो ७.६ च्या आसपास रोखायला मीच ॲसिड ओतत असतो, हेही आपलंच कर्तृत्व. दर काही तासांनी धन-ऋण उलटवून आपण स्वतःला साफ करता, असं आपल्या खोक्यावर ठळक छापलंय. छान छापलंय.

बादलीत चार भाग पाणी घेतलं, त्यात एक भाग ॲसिड सोडलं (पाण्यात ॲसिड; उलटं करणाऱ्याच्या तोंडावर ते उडतं) आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहून आपल्याला आत बुडवलं. काय फसफसलात! पाच-सात मिनिटं बुडबुडे येत होते, मग थंड पडलात. गडी स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडायला धावला होता, त्याला आवरलं. पत्र्यांवर रुथेनियमचा जो मुलामा आहे तो केसाहूनही पातळ. तो गेला की आपण नुसतं भंगार. वायरीच्या टोकांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट बुरशीगत काहीतरी धरलं होतं, तेही पुसून काढलं. पुन्हा जोडलं, स्विच दाबला: ३१००. मिठाचा एक दाणा न टाकता!

आनंद दोन दिवस टिकला. मग आपण "प्रवाह नाही" म्हणून पंप चालू असताना संपावर गेलात. प्रवाह खळाळत होता. आपल्या प्रवाह-खटक्यात किनाऱ्यावरच्या सुरूची एक काडी अडकली होती, इतकंच. आता मला आपली भाषा कळू लागली आहे: आपण बोट दाखवाल तिथे सोडून बाकी सगळीकडे पाहायचं.

एका बाबतीत मात्र मी आपली बाजू घेतो. दुपारी पूल हिरवट झाला की सगळे आपल्याला शिव्या घालतात. पण उघड्या उन्हात क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातो. त्याला धरून ठेवणारं सायन्युरिक ॲसिड पाण्यात पुरेसं नसेल तर आपण दिवसभर राबलात तरी संध्याकाळी हाती भोपळा. ते टाकायचं काम माणसांचं आहे.

आता आपल्या वयाबद्दल. आपल्या पत्र्यांचं आयुष्य साधारण दहा हजार तासांचं धरतात. रोज आठ तास चाललात तर साडेतीन वर्षं, आणि तिसरं वर्ष आपण ओलांडलं आहे. पुढच्या खेपेला पत्रे स्वच्छ, टोकं कोरडी, पट्टीवर ३२०० आणि तरीही आपलं "मीठ कमी" चालूच राहिलं, तर ते सेवानिवृत्तीचा अर्ज समजण्यात येईल. नवे पत्रे महाग आहेत, म्हणून नाताळपर्यंत कळ काढावी ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूलवाला

ता. क. हिवाळ्यात पाणी गोठण्यापूर्वी आपल्याला काढून उबदार जागी ठेवावं, अशी सूचना आपल्या पुस्तिकेत चौकटीत दिली आहे. श्रीवर्धनला बर्फ पडला की लगेच ठेवू.