आप्पांना अनईझी वाटतं

आप्पांना घाबरलेलं कोणी पाहिलेलं नाही. ते नर्व्हस होतात. जळगावात तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं घाबरायचं म्हणजे पंचाईतच. नर्व्हस व्हायला हरकत नसते. नर्व्हस साहेबलोकही होतात.

थंडीत आसोद्याच्या वांग्यांचं भरीत तीनदा वाढून घेतलं की रात्री आप्पांना ‘अनईझी’ होतं. पुण्याच्या मुलाचा फोन आला नाही की ‘डिस्टर्ब’. केळीचा भाव पडला की ‘अपसेट’. यांचं स्वतःचं केळीचं एक खोडही नाही, पण मेहुण्याची रावेरला बाग आहे ना! मे महिन्यात पारा 45 वर गेला की ‘सफोकेटेड’, आणि तेवढ्यापुरतं अख्खं जळगाव त्यांच्या बाजूनं असतं.

काकूंना इंग्रजी येत नाही, पण निदान चुकत नाही. अनईझीला ओवा नि सैंधव. डिस्टर्बला मुलाला परस्पर फोन. ‘डिप्रेस’कडे त्या ढुंकूनही बघत नाहीत, चहात साखर कमी पडलेली असते.

आसोदा जळगावला लागूनच. तिथं 1880 साली जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंनी अक्षरओळख नसताना मनाचे सगळे खेळ घरातल्या बोलीत सांगून टाकले. आप्पा आसोद्याहून फक्त वांगी आणतात.

आप्पांच्या मुलीचं दुसरं बाळंतपण सासरी, धुळ्याला. निरोप आला तसे निघालो. गाडी मी चालवत होतो. एरंडोलपर्यंत आप्पा ‘थोडे नर्व्हस’ होते, पारोळ्याला ‘टेन्स’ झाले. दवाखान्याच्या बाकावर बसले तोवर विशेषणं संपत आली होती. रुमालाची पार दोरी झालेली.

शेजारी एक म्हातारी बसली होती, सुनेसाठी आलेली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “दादा, भ्याव वाटस का?”

“छे छे! जरा ॲंक्शस.”

“हाई काय शे?”

आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. म्हातारीनं उत्तराची वाट न बघता फडकं सोडलं आणि कळण्याची भाकरी नि मिरचीचा ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. आप्पा निमूटपणे खाऊ लागले. ठेच्यानं डोळ्यांना पाणी आलं, निदान त्यांचं म्हणणं तसं. दुसरी भाकरी निम्मी झाली तेव्हा आतून नातीचं रडणं ऐकू आलं.

आप्पांनी हात झटकले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “आता कसं, जरा कम्फर्टेबल.”