जागा कळवा, भरा कुठूनही

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र जन्माला आला. त्याच दिवशी देशात एक कायदाही अमलात आला: रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा. खासगी आस्थापनेत पंचवीस किंवा जास्त माणसे असली, तर मालकाला जागा कळवावी लागे. भरायची मात्र कुठूनही! कार्यालयाने पाठवलेलाच उमेदवार घ्यावा असे बंधन नाही, हेही त्याच कायद्यात मोठ्या सौजन्याने लिहून ठेवले होते. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड होता 500 रुपयांपर्यंत. तेवढ्यात पेपरात धड जाहिरातही येत नाही.

उमेदवारांनी मात्र आपली बाजू चोख सांभाळली. रांगा लावल्या, कार्डे काढली, मुदतीत नूतनीकरण केले आणि 'कॉल'ची वाट पाहिली.

पुढे कार्यालयाने मोठी प्रगती केली, म्हणजे नाव बदलले. 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' एवढे पाटीवर बसवताना निदान रंगाऱ्याला तरी काम मिळाले असेल. 'महास्वयम' पोर्टल आले आणि रांग मोबाइलमध्ये गेली.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये दरमहा. पैसे सरकारचे, माणूस आस्थापनेचा, मुदत सहा महिने. ती संपत आली तशी प्रशिक्षणार्थींनी आंदोलने केली. सरकारने आणखी पाच महिने दिले. नोकरीची हमी योजनेत आधीही नव्हती, वाढीव मुदतीतही आली नाही.