आत्याला विचारायचं कसं

यादगीर जिल्ह्यात कृष्णेच्या काठी तिंथणी नावाचं गाव आहे. तिथल्या मौनेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत भाविकांना प्रसाद म्हणून गांजाची छोटी पुडी मिळते. कुणी ती चिलमीत भरतं, कुणी तशीच तोंडात टाकतं. शरण, अवधूत, आरूढ अशा परंपरांमध्ये ही वहिवाट जुनी आहे. २००९च्या अखेरीस यादगीर वेगळा जिल्हा झाला, तोवर हे सगळं गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातच मोडत होतं. म्हणजे देव आपल्याकडचा, प्रसादही आपल्याकडचा. तरी भालकीच्या आत्यापुढे मी गांजाचं नाव काढलं, तेव्हा तिने आधी उठून दार लावलं. उठायला तिला बराच वेळ लागला, कारण विषय तिच्या गुडघ्यांचाच होता.

मला या भानगडीत पाडलं न्यू जर्सीच्या चुलतभावाने. तिथे एप्रिल २०२२पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही परवानाधारक दुकानातून गांजा रीतसर विकत घेता येतो, पावती मिळते, वर कर लागतो. त्याच्या सासूबाईंना म्हणे गांजाच्या तेलाच्या थेंबांनी झोप लागायला लागली. परदेशातल्या नातलगांना गावाकडच्या गुडघ्यांची फार काळजी असते. ती ते फोनवर करतात, आणि पुढची कामं इकडच्यांकडे येतात. ‘तू फक्त विषय काढ,’ तो म्हणाला. फक्त!

आमच्या भागात वडीलधाऱ्यांपुढे विषय असा काढता येत नाही. आधी पाऊस. मग तुरीचा भाव. मग उदगीरला कोण गेलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं. एवढं सगळं झाल्यावर, दुसरा चहा पुढे आला की तब्येतीवर यायचं. त्यातही आत्याकडून नेमकं उत्तर मिळणं कठीण. ती घरात मराठी बोलते, बाजारात दखनी आणि दवाखान्यात कानडी, आणि दुखणं प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाने सांगते. डॉक्टरांना चिमूटभर, सुनेला मापटंभर, आणि माहेरचं कुणी आलं की ‘बरं हाय की’. माहेरी कळ पोचू द्यायची नाही हा तिच्या पिढीचा नेमच.

“गांजा? आपल्या घरात?” दार लावून आल्यावर ती म्हणाली. “तुज्या आज्ज्याचं नाव हाय गावात!”

खाटेवर डोळे मिटून पडलेले मामा, म्हणजे आत्याचे यजमान, इथे जागे झाले. झोपेचं सोंग किती वेळ ताणायचं याचं त्यांना उत्तम भान आहे.

“आज्ज्याचं कशाला काढतीस? तुमच्या गोठ्यामागं झाड कुणाचं होतं?”

“ते बैलासाठी होतं.”

“बैलाला देऊन उरलेलं कुठं जायचं?”

आत्याने उत्तर दिलं नाही. मग हळूहळू बाहेर आलं. पेरणीच्या दिवसांत बैलाने वैरण टाकली की आजोबा गुळाच्या गोळीत पाला घालून त्याला चारत. महाशिवरात्रीला घोटा होई. शेजारच्या म्हातारीला झोप येईना तर तिलाही त्यातलं काही जाई. मी मोठ्या तयारीने जी नवी माहिती सांगायला गेलो होतो, ती आमच्याच घरात माझ्या आधी पन्नास वर्षं नांदून गेली होती.

इंग्रजांना हे ठाऊक होतं. गांजा-भांगेने देश वेडा होतो की काय, या चिंतेने त्यांनी १८९३-९४ साली एक आयोग नेमला. त्याने मुलूखभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या, तीन हजारांहून जास्त पानांचा अहवाल लिहिला आणि सांगितलं की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या औषधपाण्यातला या झाडाचा वापरही त्यात नोंदवलेला आहे. आयोगापुढे आमचे आजोबा नव्हते. असते तर तेही म्हणाले असते, बैलासाठी.

झाड गोठ्यामागून गेलं कधी, हे दोघांनाही नक्की आठवेना. अमली पदार्थांचा कायदा आला तो १९८५ साली. त्याची गंमत मामांना सांगितली. या कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि तो जवळ ठेवणं गुन्हा. किलोभराच्या आत सापडला तरी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसती पानं आणि बिया, शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येबाहेर. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२मध्ये २९ किलो भांगेच्या एका प्रकरणात याच मुद्द्यावर जामीन दिला होता.

“म्हणजे फुलाला जेल अन् पानाला माफी?” मामा उठूनच बसले.

पूर्ण माफी नव्हे, राज्याचा अबकारी कायदा भांगेलाही मादक पदार्थच मानतो, हे मी सांगितलं. पण तोवर मामांच्या चेहऱ्यावर सासऱ्यांविषयी नवा आदर दिसू लागला होता.

सरकारचाही या झाडाबद्दलचा विचार एका वर्षात किती कोलांट्या मारतो, ते २०२०मध्ये दिसलं. फेब्रुवारीत बेंगळुरूच्या कोरमंगलात भांगेवर आधारलेल्या औषधांचा दवाखाना उघडला. सप्टेंबरात बेंगळुरूचेच पोलिस आमच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या काळगी तालुक्यात आले आणि मेंढ्यांच्या वाड्यात जमिनीखाली दडवलेला १,३०० किलोहून जास्त गांजा घेऊन गेले. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, आणि भारताचं मत ठरावाच्या बाजूने पडलं. आत्याला हे सांगितल्यावर तिने विचारलं, “मग त्या मेंढीवाल्याला सोडलं का?” मी गप्प बसलो.

आपल्याकडे हे तेल मिळतं ते आयुर्वेदिक औषध म्हणून, ‘विजया’ या नावाने आणि वैद्याच्या चिठ्ठीवर. ते ऐकून मामांनी कोनाड्यातली एक पुडी दाखवली. पोट बिघडलं की ते वर्षानुवर्षं जातिफलादी चूर्ण घेतात. त्याच्या शास्त्रोक्त पाठात जायफळाबरोबर भांगही असते, हे मी सांगितलं. आत्याने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पुडी घेऊन पुन्हा आडवा झाला.

खरं तर मला या झाडाचं फार कौतुक नाही. गोळीने अंग हलकं होतं आणि म्हणून रोग बरा होतो, असा हिशेब करणारे लोक मला घाबरवतात. अमेरिकेत २०१८मध्ये या झाडातल्या एका घटकाला मान्यता मिळाली ती लहान मुलांच्या दोन दुर्मीळ, हट्टी फेफऱ्यांसाठी. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर एक औषध आधीपासून आहे. नसांच्या जुनाट दुखण्यात काहींना थोडा आराम पडतो. झिजलेल्या गुडघ्यांबद्दल मात्र पुरावा फार तोकडा आहे. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर गुडघ्याचं दुखणं बरं होतं म्हणायची पाळी येईल. हे सगळं मी प्रामाणिकपणे आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“आठ वर्षं गुडघे दुखायलेत,” ती म्हणाली. “कुणी इचारलं नाई, कसे दुखतेत, रातच्याला झोप येती का. अन् एकदम गांजाच?”

मग तिने सांगितलं. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागतात. देवळाच्या पायऱ्या तिने कधीच सोडल्या, आता हरिपाठ घरीच. जमिनीवर बसून भाकरी थापणं बंद झालं, आणि सुनेच्या भाकरीला पदर सुटत नाहीत याचं दुःख गुडघ्यांपेक्षा मोठं आहे. रात्री दुखलं की ती डब्यातली गोळी घेते. डबा बिस्किटांचा, जुना. मी तो सतरंजीवर उपडा केला. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या, मेडिकलवाल्याने न विचारता दिलेल्या लाल-पिवळ्या वेदनाशामक गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, शेजारणीने दिलेलं काहीतरी, आणि मामांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, ज्यांना या डब्यात काहीच काम नव्हतं. वेदनाशामक गोळ्या अशा रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर बेततं. रक्तदाब आणि साखर असलेल्या बाईला तर जास्तच. या गोळ्या घ्यायला तिला दार लावावं लागत नव्हतं.

चुलतभावाचा रात्री फोन आला. मी त्याला सांगितलं, तेल सध्या नको, आत्याला बिदरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेतोय, येणारा खर्च तू पाठव. तो थोडा हिरमुसला. पण खर्च पाठवला.

तुमच्याही घरी कुणी अशा तेलाची बाटली घेऊन आलं, तर आधी तो गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे नेऊन ओता. त्यात वॉरफरिन नावाची रक्त पातळ करायची गोळी निघाली तर विशेष जपा. गांजातल्या घटकांनी तिचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या तेलाचा एक थेंबही देऊ नका.