दर रविवारी कोडॅक मरते

एमबीए होऊन वीसेक वर्षं झाली की माणूस शिक्षणातून सुटला, असा एक जुना गैरसमज आहे. तो दूर करायला हल्ली अ‍ॅडमिशन काउन्सेलर नावाची मंडळी नेमलेली असतात. त्यांचा फोन ऐन मीटिंगमध्ये येतो. "सर, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय." आपण अर्ज कधी केला, हे विचारायचं नसतं. रात्री झोपेत मोबाइलवरच्या जाहिरातीला बोट लागलं, तोच अर्ज. बॅचमध्ये दोनच जागा उरलेल्या असतात. त्या दोन जागा मी कित्येक महिने पाहतोय. तेवढ्या काळात आमच्या सोसायटीतला लिफ्टसमोरचा फ्लॅटसुद्धा विकला गेला.

कंपनीचाही आग्रह असतो. अप्रेझलला साहेब म्हणाले, "एआयच्या जमान्यात अपस्किलिंग हवंच." मी पगारवाढीबद्दल विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. एचआरने अर्धी फी कबूल केली आणि सोबत दोन वर्षांचा बॉण्ड पुढे सरकवला. म्हणजे दुसरीकडे चांगली नोकरी मिळावी म्हणून शिकायचं, आणि शिकलो म्हणून ही सोडायची नाही. कॉस्ट-बेनिफिटच्या तासाला हे उदाहरण कुणी घेत नाही.

फी सांगताना "प्लस जीएसटी" हे शब्द जरा खालच्या पट्टीत उच्चारले जातात. तो जीएसटी 18 टक्के. यामागचं सरकारी तत्त्वज्ञान मात्र मुळातून वाचण्यासारखं आहे. आयआयएमच्या कोर्सेसबद्दल 1 जानेवारी 2019 रोजी एक परिपत्रक निघालं. वर्षभराचा किंवा त्याहून लांब, पदवी-पदविका देणारा अभ्यासक्रम असेल तर ते शिक्षण, त्यावर कर नाही. वर्षाच्या आत आटपणारा एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम करपात्र. तेविसाव्या वर्षी हॉस्टेलात राहून मेसच्या भाजीला नावं ठेवली की ते ज्ञानार्जन, पंचेचाळिसाव्या वर्षी रविवारची झोप मोडून तेच ऐकलं की ती सेवा. जुन्या करपद्धतीत मुलांच्या ट्यूशन फीवर वजावट मिळते, बापाच्या फीवर नाही. बापाने शिकून काय होणार आहे, याचा अंदाज आयकर खात्याला बहुधा आमच्या साहेबांपेक्षा चांगला आहे.

वर्ग रविवारी दुपारी दोनला. मटण जेवलेल्या माणसाला ब्लू ओशन स्ट्रॅटेजी शिकवायची ही वेळ कुणी ठरवली, ते कळायला मार्ग नाही. पहिला तास ओळखीत जातो. साठ जण, प्रत्येक जण "रिझल्ट-ओरिएंटेड" आणि "पॅशनेट". मग ब्रेकआउट रूम. पाच अनोळखी माणसं, सात मिनिटं. त्यातली तीन मिनिटं "आवाज येतोय का?" यात, दोन मिनिटं "मांडणार कोण?" यात. उरलेल्या दोन मिनिटांत कुणाच्या तरी घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. परत आल्यावर जो कॅमेरा बंद ठेवून गप्प बसला होता, तोच आपल्या गटाचे की टेकअवेज सांगतो, आणि ते बरे असतात.

अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो मला पाठ आहे. बीसीजीची गाय आणि कुत्रा 1970चे, पोर्टरच्या पाच शक्ती 1979च्या. आमच्या वेळी या फळ्यावर होत्या, आता स्लाइडवर आहेत आणि कुत्र्याला अ‍ॅनिमेशन आहे. मग येतात कोडॅक, नोकिया, ब्लॉकबस्टर. 1975मध्ये कोडॅकच्याच इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, साहेबलोकांनी मनावर घेतलं नाही, 2012मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. इथवर सगळं खरं. पण 2013मध्ये ती दिवाळखोरीतून बाहेर आली आणि आजही फिल्म बनवते, हे मी चॅटमध्ये लिहिलं, तर त्यावर एक अंगठा आला आणि स्लाइड पुढे गेली. वर्गात कोडॅक दर रविवारी मरते. तिने जगणं अभ्यासक्रमात बसत नाही.

खरी कमाल डबेवाल्यांच्या दिवशी झाली. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्की यांची 2010ची केस आहे, चांगली आहे. पण ती दिल्लीत बसलेले सर अमेरिकन दाखले देत आम्हाला इंग्रजीत समजावत होते, आणि वर्गातल्या निम्म्या लोकांनी पहिल्या नोकरीत चर्चगेटला तोच डबा खाल्लेला. डब्याच्या झाकणावरचे रंग आणि आकडे म्हणजे "लो-कॉस्ट कोडिंग सिस्टिम". कल्याणच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांचे काका मावळातले, त्यांनी आयुष्यभर डबे वाहिले. सर आनंदले. त्यांनी बाईंना काकांची "व्हॅल्यू प्रपोझिशन" विचारली. बाई म्हणाल्या, "डबा वेळेवर जायचा." पुढचा प्रश्न आला नाही. या साऱ्यात सिक्स सिग्माचा उल्लेख वारंवार झाला. डबेवाल्यांनी त्याचा कोर्स केलेला नाही, हे सर सोडून सगळ्यांना जाणवलं असावं.

शेवटी तीन दिवसांचं कॅम्पस इमर्शन. झगा घालून फोटो, झगा परत, डिपॉझिट परत. आता मी "एक्झिक्युटिव्ह अ‍ॅल्युमनाय" आहे. या पदामुळे मला नव्या बॅचची जाहिरात सवलतीच्या दरासकट येते. हुद्दा तोच, पगार तोच, लिंक्डइनवर एकशेचाळीस अभिनंदनं. त्यातली बरीचशी वर्गातल्याच साठ जणांची आणि बाकी त्या काउन्सेलरच्या सहकाऱ्यांची.

ज्यांचा फोन अजून वाजायचा आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. डबेवाल्यांची ती केस हार्वर्डकडून सुटी विकत मिळते, काही डॉलरला. ईएमआय लागत नाही, बॉण्डही नाही.