ऐंशीचं दशक, बहुमताने मंजूर

दशक दहा वर्षांचं असतं, ही समजूत आमच्या सोसायटीच्या स्मरणिका समितीने पहिल्याच बैठकीत मोडीत काढली. विषय होता 'ऐंशीच्या दशकाची ओळख ठरलेले पाच मराठी चित्रपट'. गणपती तोंडावर आले होते आणि चार पानं कोरी होती. अध्यक्षांनी बसल्या बसल्या 'सिंहासन' सुचवला. तो १९७९चा, अशी कुणीतरी कुरकुर केली. "साल सोडा हो, राजकारण ऐंशीचंच आहे त्यातलं," अध्यक्ष म्हणाले. त्यावर खजिनदारबाईंनी 'माहेरची साडी' पुढे केली. ती १९९१ची. "राजकारण ऐंशीचं चालतं, तर सासू ऐंशीची का नको?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अशा रीतीने ऐंशीचं दशक तेरा वर्षांचं झालं आणि चहा आला.

अशा याद्यांचा एक अलिखित नियम असतो. आपण काय पाहिलं ते सांगायचं नाही, काय पाहिलेलं असायला हवं ते सांगायचं. त्यामुळे 'उंबरठा'चं नाव निघताच सगळे हात वर. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील, संवाद तेंडुलकरांचे. ही माहिती प्रत्येकाने दुसऱ्याला सांगितली आणि दुसऱ्याने माना डोलावल्या. "त्यात ती घर सोडते," एक सदस्य गंभीरपणे म्हणाले. "सुरुवातीला की शेवटी?" मी विचारलं. एकदम शांतता. दोन्ही वेळा सोडते, पण मी गप्प बसलो; एकमताने मंजूर झालेल्या सिनेमाची गोष्ट सांगून विरस कशाला करा?

दादा कोंडक्यांचा सिनेमा यातल्या कुणीच पाहिलेला नव्हता. लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव करून गिनीज बुकात गेलेल्या या माणसाची तिकिटं महाराष्ट्रात नक्की काढली कुणी, हे इतिहास संशोधक मंडळाने हाती घ्यावं असं कोडं आहे. न पाहताही सगळ्यांना संवाद मात्र तोंडपाठ. त्यांच्या १९८६च्या हिंदी चित्रपटाचं नाव इतिवृत्तात घ्यावं लागलं, तेव्हा चिटणीसांनी 'अंधेरी रात में' एवढंच लिहिलं आणि पुढे टिंबं दिली. दिया कुणाच्या हातात, हे सांगण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

मग आला 'अस्सल मराठी मातीतला' विनोद. महेश कोठाऱ्यांचा 'धूमधडाका' (१९८५) हा आपल्या मातीचा हुंकार आहे, असं अध्यक्षांनी टिपणात घातलं. ही माती मद्रासहून आली होती. १९६४चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यावरून १९६६चा हिंदी 'प्यार किये जा' आणि मग आपला हुंकार. 'अशी ही बनवाबनवी'ची कल्पनाही १९६६च्याच 'बीवी और मकान'मध्ये सापडते आणि 'माहेरची साडी' तर राजस्थानातून आलेली. मी हे सांगितल्यावर एक काका दुखावले. "मूळ कुणाचंही असो, हसलो आपण ना?" खरं आहे. रडलोही आपणच. त्या साडीसाठी गावोगावच्या बायका टेम्पो करून तालुक्याला गेल्या. उषा नाडकर्णींची सासू पाहून आलेल्या घरात पुढचे काही दिवस खऱ्या सासूने चहा स्वतःच करून घेतला असेल, तर तो या चित्रपटाचा सामाजिक परिणाम मानावा.

'बनवाबनवी'वर मतदान झालंच नाही. कारण समितीतला सर्वांत मोठा जाणकार २००२ साली जन्मलेला आहे. त्याने ते दशक पाहिलेलं नाही, पण ते त्याच्या मोबाइलमध्ये आहे. दर प्रसंगाला त्याच्याकडे त्या सिनेमाचं चित्र तयार असतं, सोसायटीच्या थकबाकीलासुद्धा. मराठी माणसाला इस्तंबूल भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलं नाही, अशोक सराफांनी शिकवलं.

माझं मत समितीने विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो. या दशकाचा खरा नायक साडी आहे. १९८२मध्ये सुलभा महाजन सुती साडी नेसून नोकरीसाठी घराबाहेर पडते. १९८८मध्ये पुण्यात घर हवं म्हणून दोन पुरुष साडी नेसतात. लोक याला फार्स म्हणतात. मी याला १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यावरचा माहितीपट म्हणेन. भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरू निघत नाही म्हटल्यावर घरमालक जागा कुलूप लावून ठेवायचा, नाहीतर अटींची यादी काढायचा. जोडपंच हवं, हे तर कलम एक. सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ते कलम शब्दशः पाळलं, एवढंच. एकटा पोरगा म्हणून ज्याने सदाशिव पेठेत जागा शोधली आहे, तो त्या प्रसंगाला हसत नाही, पदर कसा घेतात ते बघून ठेवतो.

आणि १९९१मध्ये साडी पुन्हा बाईच्या अंगावर येते, पण तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणजे नऊ वर्षांत बाई उंबऱ्याबाहेर गेली, तिच्या साडीवर पुरुषांनी भाड्याची जागा मिळवली आणि ती फिरून सासूच्या तावडीत सापडली. तिकीटबारीवर यातलं कोण जास्त चाललं, हे वेगळं सांगायला नको.

शेवटची बैठक जाहिरातींची होती. मलपृष्ठ घ्यायला गावातल्या एका साडीच्या दुकानदाराने होकार दिला. त्यांनी यादी मागवून घेतली, चष्मा लावून वाचली आणि 'माहेरची साडी' पहिल्या क्रमांकावर, अर्धं पान, रंगीत, असं खूण करून दिलं. 'बनवाबनवी'लाही त्यांची हरकत नव्हती. "पुरुष गिऱ्हाईकही येतं आमच्याकडे," ते म्हणाले. मग बोट 'उंबरठा'वर थांबलं.

"यात कुठली साडी आहे?"

"सुती," मी म्हणालो.

"मग आतल्या पानावर घ्या. कृष्णधवल चालेल."